नवीन एटीव्ही घ्यायची? टोकन देण्याआधी आरसीचं विचारा

मोबाईलवर व्हिडिओ येतो. चार जाड टायरची गाडी चिखलातून, ओढ्यातून, बांधावरून सुसाट जाते. खाली लिहिलेलं असतं, ‘शेतकऱ्यांसाठी खास, नवीन मॉडेल, आजच बुक करा’. घरातलं पोरगं मागे लागतं. आपल्यालाही वाटतं, खताची गोणी न्यायला, फवारणीला बरी पडेल.

पण एटीव्ही (काही जण क्वाड बाईक म्हणतात) ही मोटारसायकल नाही आणि ट्रॅक्टरही नाही. टोकन देण्याआधी चार गोष्टी नीट बघा: कागद, काम, धोका आणि सर्व्हिस. यात पहिला नंबर कागदाचा.

आरसी निघणार का?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक जागी चालवता येत नाही. सार्वजनिक जागा म्हणजे फक्त डांबरी रस्ता नाही. लोकांना जायचा हक्क आहे अशी कुठलीही वाट त्यात येते. म्हणजे पांदण रस्ता, गावातली गल्ली, बाजारतळ हे सगळं आलं. तुमची दोन शेतं रस्त्याच्या दोन बाजूंना असतील, तर नुसता रस्ता ओलांडायलाही आरसी लागते.

बाजारातल्या बऱ्याच एटीव्हींची नोंदणीच होत नाही. बिलावर किंवा माहितीपत्रकात बारीक अक्षरात ‘फक्त ऑफ-रोड वापरासाठी’ असं लिहिलेलं असतं. अशी गाडी स्वतःच्या शेतात, बांधाच्या आत चालवा. बाहेर काढली तर पहिल्या वेळी पाच हजारांपर्यंत दंड, पुन्हा सापडलात तर दहा हजारांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

रस्त्यावर चालणारी एटीव्ही भारतात येतच नाही असंही नाही. पोलारिस कंपनीने २०१९ मध्ये स्पोर्ट्समन ५७० हे मॉडेल कृषी ट्रॅक्टर म्हणून मंजूर करून आणलं. तेव्हा त्याची एक्स-शोरूम किंमत ७ लाख ९९ हजार होती. केंद्रीय मोटार वाहन नियमांत कृषी ट्रॅक्टर म्हणजे अवजारं किंवा ट्रॉली लावून शेतीकाम करायला बनवलेलं चारचाकी वाहन. त्या व्याख्येत बसवून चाचणी पास केली तर नोंदणी होते. म्हणून ‘एटीव्हीला पासिंग मिळतं का’ असा मोघम प्रश्न विचारू नका. ‘या मॉडेलला मिळतं का’ असंच विचारा.

खात्री अशी करा:

• मॉडेलचं टाइप अ‍ॅप्रूव्हल सर्टिफिकेट मागा. ही चाचणी सरकारमान्य संस्थेतच होते. पुण्याची एआरएआय आणि सीआयआरटी, अहिल्यानगरची व्हीआरडीई या आपल्याच राज्यातल्या आहेत.
• फॉर्म २१ (विक्रीचा दाखला) आणि फॉर्म २२ (गाडी रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याचा कंपनीचा दाखला) मिळणार का ते विचारा.
• मॉडेलचं पूर्ण नाव घेऊन आरटीओत जा आणि नोंदणी होते का ते विचारून या.
• डीलर म्हणाला ‘करून देतो, टेन्शन घेऊ नका’, तर त्याला तेच कोटेशनवर लिहून द्यायला सांगा. लिहून देत नसेल तर समजून जा.

विमा नसेल तर?

दंड भरून सुटता येतं. पण आरसी नसलेल्या गाडीला नेहमीचा थर्ड पार्टी विमा मिळत नाही. रस्त्यात कुणाला धडक बसली, माणूस जायबंदी झाला किंवा दगावला, तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते. ती रक्कम काही लाखांत जाऊ शकते. हौसेच्या गाडीपायी जमीन विकायची वेळ येऊ नये.

पोरांच्या हातात चावी देणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा. १८ वर्षांखालच्या मुलाने रस्त्यावर गाडी चालवून गुन्हा केला, तर कलम १९९-अ प्रमाणे पालकाला किंवा मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही.

तुमच्या शेतात काम किती?

एटीव्हीची जमेची बाजू अशी. ती हलकी असते, टायर जाड आणि कमी हवेचे असतात. त्यामुळे ओल्या रानात कमी रुतते आणि माती कमी दाबली जाते. बांधावर फेरी मारायला, ठिबकच्या नळ्या बघायला, जनावरांना वैरण टाकायला, मोठ्या बागेत चक्कर मारायला ती चांगली.

पण बहुतेक एटीव्हीला पीटीओ नसतो. म्हणजे रोटाव्हेटर चालत नाही, द्राक्ष-डाळिंबाच्या बागेतला ब्लोअर चालत नाही. बॅटरीवरचा छोटा पंप बसवून गनने फवारणी होईल, एवढंच. नांगरट तर विसराच. कॅरिअरवर किती वजन चालतं ते मॅन्युअलमध्ये बघा. युरियाची एक गोणी ४५ किलोची असते. १०० लिटर पाण्याची टाकी भरली की १०० किलो वजन झालं, टाकी आणि पंप वेगळाच.

पोलारिसला जेवढे पैसे लागत होते, त्यापेक्षा कमी पैशात २० ते २५ एचपीचा मिनी ट्रॅक्टर येतो. त्याला पीटीओ असतो, तो डिझेलवर चालतो, आरसी आणि विमा होतो, वर शेजाऱ्याचं काम करून भाडंही मिळतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. महाडीबीटीवर कृषी यांत्रिकीकरणात ट्रॅक्टर, पॉवर टिलर आणि अवजारांना अर्ज करता येतो. मात्र पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करायची. आधी घेऊन नंतर अनुदान मागितलं तर हातात काही पडत नाही. ‘एटीव्हीलाही सबसिडी आहे’ असं कुणी सांगितलं, तर तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

उलटली तर?

एटीव्हीचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे उलटणं. चाकांमधलं अंतर कमी, गाडी उंच, त्यात चालवणारा वर बसलेला. उतारावर आडवी नेली, बांधावर एक चाक चढलं किंवा अर्धी भरलेली टाकी हिंदकळली की गाडी कलंडते आणि अंगावर येते. शेतात एकटा माणूस खाली अडकला तर हाक ऐकायलाही कुणी नसतं.

ऑस्ट्रेलियात शेतकरी ही गाडी मोठ्या प्रमाणावर वापरतात. तिथेही उलटून इतके जीव गेले, की ऑक्टोबर २०२१ पासून शेतीकामाच्या नवीन एटीव्हीला चालवणाऱ्याला वाचवणारा सांगाडा सक्तीचा झाला. होंडा आणि यामाहाने तिथली या गाड्यांची विक्रीच बंद केली. आपण घेताना असा सांगाडा मिळतो का, हे नक्की विचारा.

आणखी एक. बऱ्याच लहान एटीव्हीला मागे डिफरन्शियल नसतो, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. मातीत चाक घसरतं म्हणून वळते. डांबरी रस्त्यावर चाक घसरत नाही आणि वळणावर गाडी अचानक सरळ ओढते किंवा कलते. एका सीटच्या गाडीवर दुसरा माणूस बसवू नका. हेल्मेट शेतातही घाला.

नवीन मॉडेल म्हणजे सर्व्हिसचा प्रश्न

बऱ्याच एटीव्हीत गिअरऐवजी बेल्टवर चालणारी सीव्हीटी असते. जड ओझं, चिखल आणि धूळ यांत तो बेल्ट लवकर झिजतो. एअर फिल्टरही सारखा साफ करावा लागतो. बेल्ट, टायर, ब्रेक पॅड जिल्ह्याच्या ठिकाणी स्टॉकमध्ये आहेत का, किंमत किती, हे बुकिंगआधी विचारा. गावातल्या मेकॅनिकने ही गाडी खोललेली नसते. मॉडेल नवीन असेल तर एक पावसाळा जाऊ द्या. आधी घेतलेल्यांचा अनुभव कळतो, जुनी गाडी काय भावाला विकली जाते तेही कळतं.

मग घ्यायची कुणी?

• मोठी सलग बाग किंवा गोठा आहे, ट्रॅक्टर आधीच दारात आहे, गाडी बांधाबाहेर काढायची नाही: विचार करायला हरकत नाही.
• कृषी पर्यटन केंद्रात पाहुण्यांना फिरवायचं आहे: स्वतःची सपाट जागा, हेल्मेट, शिकवणारा माणूस आणि विमा असेल तरच.
• शेत तुकड्यांत आहे, मध्ये रस्ता येतो: आरसी मिळणारं मॉडेल असेल तरच.
• घरात ट्रॅक्टर नाही, एकाच गाडीवर सगळी शेती करायची आहे: नको. मिनी ट्रॅक्टर बघा.

डेमो शोरूमच्या आवारात घेऊ नका. गाडी आपल्या रानात मागवा, रोजचं ओझं टाका, रोजच्या उतारावर हळू चालवून बघा. डीलर नाही म्हणाला, तर टोकनही देऊ नका.