आटत्या डोहातला मासा कोणाचा? खानदेशातील गळ, जाळे आणि १८९७चा विसरलेला कायदा

१/
४ फेब्रुवारी १८९७. या एकाच तारखेचे दोन कायदे ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायदेसंग्रहात शेजारी शेजारी आहेत. त्या वर्षीचा तिसरा कायदा साथरोगांचा. पुण्याचा प्लेग, रँड आणि चापेकर बंधू यांच्यामुळे तो मराठी स्मृतीत कायमचा कोरला गेला. त्याच्या पाठोपाठचा चौथा कायदा मात्र कोणालाच आठवत नाही. तो होता माशांचा : इंडियन फिशरीज ॲक्ट.

तापी, गिरणा आणि पांझरेच्या काठच्या लोकांशी या कायद्याचा काय संबंध? #थ्रेड

२/
आधी भूगोल. मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावलेली तापी सुमारे ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिच्या मधल्या टप्प्यावर खानदेश वसला आहे. चांगदेवला तिला पूर्णा मिळते, पुढे गिरणा, मग मुडावदजवळ पांझरा. १९०६ साली या एका जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. तेच आजचे जळगाव आणि धुळे, तसेच १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार.

३/
खानदेशचा उन्हाळा कडक. पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि तापीच्या उपनद्यांची धार तुटते. उरते ते वाळूचे पात्र आणि मधूनमधून साचलेले डोह. पावसाळ्यात मैलोगणती पसरलेली मासळी वैशाखात या डोहांत कोंडली जाते. म्हणून उन्हाळा हा मासेमारीचा हंगाम. पाणी कमी, मासा एका जागी आणि शेतात काम नाही.

पण याच काळात मासा सर्वांत असहायही असतो. पुढच्या पावसात नदी पुन्हा भरायची तर बियाणे याच डोहात शिल्लक राहावे लागते. पुढचा सगळा वाद या एका गोष्टीभोवती फिरतो.

४/
डोहावर येणारी माणसे एका जातीची नव्हती. भोई आणि कोळी यांचा मासेमारी हा परंपरेचा व्यवसाय. त्यांची साधने म्हणजे फेकजाळे, आडवे लावलेले जाळे, गळांची दोरी. भोयांची उपजीविका तर नदीशी अनेक अंगांनी बांधलेली : पालखी वाहणे, मासे धरणे, उन्हाळ्यात वाळूत टरबूज-खरबुजांच्या वाड्या लावणे.

सातपुड्याच्या पायथ्याचे भिल्ल मात्र बाजारासाठी नव्हे, घरच्या चुलीसाठी मासे धरत. त्यांची एक पद्धत पुढे कायद्याच्या डोळ्यांत खुपली.

५/
ती पद्धत अशी. गेळाची फळे किंवा हिंगणबेटाची साल ठेचून साचलेल्या डोहात कालवायची. या वनस्पतींत साबणासारखा फेस आणणारी द्रव्ये असतात. ती माशाच्या कल्ल्यांवर परिणाम करतात, मासा गुंगतो आणि वर येतो. मग बायका-मुलांसह सारा पाडा पाण्यात उतरून हाताने, टोपलीने, फडक्याने मासे गोळा करी. असा मासा खाल्ल्याने माणसाला अपाय होत नाही.

वाहत्या पाण्यात हे जमत नाही. ही उन्हाळ्याची, आटत्या डोहाची युक्ती होती. धान्याच्या कणग्या रित्या झालेल्या असतात तोच हा काळ.

६/
तिसरा माणूस डोहावर आला तो काठी आणि रीळ घेऊन. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. पाठोपाठ आलेल्या अधिकाऱ्यांपैकी काहींना मोजमापाचा नाद होता. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांची पाहणी त्याच्याकडे होती. १८३९ साली त्याने दख्खनच्या माशांवरचा आपला अभ्यास मांडला.

७/
या अभ्यासात एक गंमत आहे. नव्या माशांना लॅटिन नावे देताना साइक्सने नदीकाठची देशी नावेच उचलली. आपली शिंगटी शास्त्राच्या दफ्तरात ‘सींगटी’ झाली आणि मळ्या ‘मुल्ल्या’ झाला. दख्खनच्या महसीराला त्याने ‘खुद्री’ म्हटले. ही नावे आजही जगभर चालतात.

म्हणजे मासे ओळखण्याचे ज्ञान ज्यांच्याकडून आले ते जाळेवाले होते. ग्रंथात त्या माशांची देशी नावे राहिली. ती नावे सांगणाऱ्यांची मात्र राहिली नाहीत.

८/
१८७३ साली दोन पुस्तके आली आणि चित्र बदलले. पहिले हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकाऱ्याचे ‘द रॉड इन इंडिया’. या पुस्तकाने गळाची मासेमारी हा हिंदुस्थानातील साहेबाचा मान्यताप्राप्त खेळ केला. त्याचा नायक महसीर. वेगवान पाण्यात पोहणारा, गळ लागताच दोर ताणून पळणारा हा मासा. विलायतेतील सॅमनपेक्षाही तो झुंजार, असा निर्वाळा थॉमसने दिला. तापी आणि नर्मदा ही दोन्ही महसीराची खोरी.

९/
दुसरे पुस्तक हा सरकारी अहवाल होता. लेखक फ्रान्सिस डे, व्यवसायाने लष्करी डॉक्टर, ध्यासाने मत्स्यशास्त्रज्ञ. हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या मासेमारीवरील या अहवालासाठी त्याने ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांकडून माहिती मागवली होती. त्याचा निष्कर्ष थोडक्यात असा : बारीक छिद्रांची जाळी, प्रवाह अडवून लावलेले सापळे आणि विषप्रयोग यांमुळे लहान मासळी नष्ट होत आहे. सरकारने हात घातला पाहिजे.

१०/
डेचे म्हणणे पोकळ नव्हते. डोहात कालवलेले विष लहान-मोठा मासा निवडत नाही. पोटात गाभोळी असलेली मादी आणि बोटभर पिल्लू दोन्ही एकाच वेळी वर येतात. पावसाच्या तोंडावर डोह असा रिकामा झाला तर नदीचे बियाणेच संपते.

परंतु प्रश्न पद्धतीचा जितका होता तितकाच पोटाचाही होता. मासे हे गरिबाचे अन्न. त्यावर बंधन घातले तर तो खाईल काय? ही अडचण सरकारलाही ठाऊक होती. म्हणूनच अहवालापासून कायद्यापर्यंत जवळजवळ पाव शतक गेले.

११/
दरम्यान डोहावर चौथी गोष्ट आली : सुरुंगाची दारू. १८६०च्या दशकात लोहमार्ग खानदेशातून पुढे सरकला, भुसावळ हे मोठे ठाणे झाले. १८६७ साली आल्फ्रेड नोबेलने डायनामाइटचे पेटंट घेतले. पूल, घाट आणि रस्त्यांच्या कामांबरोबर स्फोटके देशभर पोचली आणि त्यांतली काही पाण्यात पडू लागली. एका स्फोटात डोहातले सारे जीव तळापासून उलथे होतात. गेळाच्या गुंगीतून काही मासे वाचू शकतात. स्फोटातून जवळपास कोणीच नाही.

१२/
१८९७चा कायदा या पार्श्वभूमीवर आला. त्याचे चौथे कलम : मासे मारण्यासाठी पाण्यात डायनामाइट वा अन्य स्फोटक वापरणे गुन्हा. पाचवे कलम : त्याच हेतूने पाण्यात विष, चुना वा अपायकारक पदार्थ टाकणे गुन्हा. शिक्षा दोन्हींना सारखीच, दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड.

सहाव्या कलमाने प्रांतिक सरकारांना अधिकार दिले : स्थिर सापळे, बांध, जाळ्यांचे प्रकार व आकार यांवर नियम करण्याचे आणि ठरावीक पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारीच बंद ठेवण्याचे.

१३/
या यादीत काय आहे आणि काय नाही, दोन्ही पाहण्यासारखे आहे. सापळा आहे, बांध आहे, जाळे आहे, विष आहे. काठी आणि गळ नाही.

याचा एक अर्थ सरळ आहे : गळाला एका वेळी एकच मासा लागतो, त्याने डोह ओस पडत नाही. दुसरा अर्थही तितकाच खरा. ज्यांच्या वर्गाने कायदा लिहिला त्यांचे साधन निर्दोष ठरले. ठेकेदाराची स्फोटके आणि पाड्याचे गेळफळ मात्र शिक्षेच्या एकाच मापाने मोजले गेले.

१४/
वेळही पाहावी. १८९६-९७ हे मुंबई इलाख्यात दुष्काळाचे वर्ष. १८९९-१९००चा छप्पनिया त्याहून भीषण. त्याची झळ खानदेशला तीव्रपणे बसली. पिके गेली, गुरे गेली. अशा वर्षी आटलेल्या डोहातली मासळी ही चैन नसते.

शिवाय १८७८च्या वन कायद्याने राखीव जंगलांत शिकार, मासेमारी आणि पाण्यात विष कालवणे आधीच सरकारी नियमांच्या कक्षेत आणले होते. सातपुड्यातल्या माणसाला आता जंगलही परके आणि डोहही परका.

१५/
येथे खानदेशच्याच इतिहासातला एक विरोधाभास आठवतो. १८२५ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत जेम्स औट्रमने धरणगाव येथे भिल्लांची पलटण उभारली. शस्त्राने न नमलेल्या भिल्लांशी त्याने विश्वास जोडला तो बऱ्याच अंशी वाघांच्या शिकारीतून. जंगलाची वाट आणि जनावराचा माग ही भिल्लांची विद्या; औट्रमने तिचा मान ठेवला.

वाघाच्या शिकारीत जो साहेबाचा सोबती होता, तोच सात दशकांनी स्वतःच्या ओढ्यातला मासा धरताना गुन्हेगार ठरू शकत होता.

१६/
साहेबाचा खेळ पुढे संस्थेत बांधला गेला, पण मुंबईच्या कुशीत. १८९१ साली शहराच्या पाण्यासाठी बांधलेला पवई तलाव पिण्याच्या कामी फारसा आला नाही. विसाव्या शतकात तो बॉम्बे प्रेसिडेन्सी अँगलिंग असोसिएशनकडे आला. तीच आजची महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन. सभासदत्व, परवाने, मासेमारीचे नियम, तलावात सोडलेले मत्स्यबीज अशी तिची घडी.

क्लबचे तत्त्व सोपे असते : पाणी ठरलेले, माणसे ठरलेली. आटत्या नदीच्या डोहाला हे तत्त्व लावायचे म्हटले की पहिला प्रश्न उभा राहतो : सभासद कोण?

१७/
स्वातंत्र्यानंतर या सगळ्या वादावर धरणांनी पाणी फिरवले. १९६९ साली गिरणा धरण पूर्ण झाले, १९७२ साली खाली गुजरातेत उकाई, १९८२ साली भुसावळजवळ हतनूर. शेताला पाणी मिळाले, शहरांना पाणी मिळाले, हे निर्विवाद. परंतु महसीर पावसाळ्यात प्रवाहाच्या उलट चढून अंडी घालतो. त्याची वाट भिंतींनी अडली. धरणाखाली उन्हाळ्यात पूर्वीचे डोहही उरले नाहीत. आणि वाळूचा बेसुमार उपसा झालेल्या पात्रात पाणी धरून ठेवणारी वाळूही उरली नाही.

१८/
मासळीही बदलली. १० जुलै १९५७ रोजी कटकमध्ये हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन कार्प जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले. आजचा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन तो हाच. या तंत्राने कटला, रोहू, मृगळ यांचे बीज हवे तितके मिळू लागले आणि गंगेच्या खोऱ्यातले हे मासे खानदेशच्या धरणांत आले. चिलापी तर मूळची आफ्रिकेची. भारतात ती १९५२ साली आणली गेली.

सुट्टीच्या दिवशी धरणाच्या कडेला गळ टाकून बसणाऱ्याच्या हाती आज बहुधा असाच पाहुणा मासा लागतो. जुन्यांपैकी चिवटपणे टिकली ती मरळ. हवेतला श्वास घेता येत असल्याने ती चिखलातही तग धरते.

१९/
हौशी गळवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. महसीर संपत चालला आहे ही ओरड गळवाल्यांनी सातत्याने केली. धरलेला मासा जिवंत परत सोडण्याचा रिवाजही त्यांच्यातच रुजला. लोणावळ्याला वळवणच्या टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महसीराचे बीज तयार होते आणि देशभर सोडले जाते. नर्मदेकाठच्या मध्य प्रदेशाने २०११ साली महसीराला राज्यमाशाचा मान दिला.

साहेबाच्या खेळाने माशावर प्रेम करायला शिकवले, हे खरे. त्या प्रेमात डोहाकाठच्या माणसाला जागा नव्हती, हेही खरे.

२०/
आज धरणांतील मासेमारीचे हक्क मुख्यतः मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने मिळतात. भोई-कोळ्यांच्या अनेक घरांचा संसार त्यावर चालतो. आणि २००६च्या वनहक्क कायद्याने, कलम ३(१)(घ) मध्ये, जंगलातील पाणवठ्यांच्या मासळीवरचा सामुदायिक हक्क लेखी मान्य केला. १८७८ साली जो हक्क नियमांच्या जाळ्यात अडकला, तो कागदावर परत यायला १२८ वर्षे लागली.

२१/
१८९७चा कायदा माशाला वाचवण्यासाठी होता, यात शंका नाही. स्फोटकांवरची बंदी तर आजही योग्यच वाटते. चूक होती ती प्रश्न विचारण्यात. ‘मासा कसा धरला?’ एवढेच त्याने विचारले. ‘का धरला, आणि त्याच्याऐवजी त्या घरात दुसरे काय शिजले असते?’ हे विचारले नाही. आणि ‘नदीत पाणी किती उरले?’ हा प्रश्न तर पुढची पन्नास-साठ वर्षे कोणाच्याच मनात आला नाही.

आता सातपुड्यातल्या गावाला डोहाचा हक्क लेखी मिळू शकतो. मात्र वैशाखात गिरणेच्या पात्रात उभे राहिले तर डोह शोधावा लागतो.