तमिळ रंगभूमी व चित्रपटातील विनोदी अभिनेत्री : मनोरमा यांच्या कारकिर्दीचा ऐतिहासिक वेध

प्रास्ताविक

तमिळ चित्रपटाच्या इतिहासलेखनात नायक, दिग्दर्शक आणि चित्रपट व राजकारण यांचा संबंध या विषयांवर विपुल लेखन झाले आहे. १९६७ नंतर तमिळनाडूची सत्ता बव्हंशी नाटक व चित्रपट यांच्याशी निगडित असलेल्या नेत्यांच्या हाती राहिली, हे लक्षात घेता ते स्वाभाविकही आहे. विनोदी अभिनेत्रींचा उल्लेख मात्र बहुधा एखाद्या परिच्छेदात आटोपतो. मनोरमा (१९३७–२०१५) यांच्याबाबतीत ही उणीव विशेष जाणवते. एक हजाराहून अधिक चित्रपटांत भूमिका केल्याबद्दल त्यांची गिनीज बुकात नोंद झाली. ही संख्या सर्वत्र सांगितली जाते. परंतु एका स्त्रीला एवढी दीर्घ कारकीर्द कशामुळे लाभली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. विनोदी अभिनेत्रीचे दुय्यम मानले गेलेले स्थान हेच या दीर्घत्वाचे कारण होते आणि त्याच स्थानामुळे त्यांच्या कलेचे मूल्यमापन अपुरे राहिले, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

पूर्वपरंपरा

मराठी संगीत नाटक मंडळींप्रमाणेच तमिळ व्यावसायिक रंगभूमीवरही दीर्घकाळ पुरुष नट स्त्रीपार्ट करीत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे केवळ मुलांच्या नाटक कंपन्या भरभराटीस आल्या होत्या आणि अनेक नामवंत चित्रपट नट त्यांतूनच घडले. बोलपट आल्यानंतर स्त्री कलावंतांची मागणी वाढली. तथापि विनोदाच्या प्रांतात त्यांना प्रवेश मिळाला तो जोडीदार म्हणून. एन. एस. कृष्णन व टी. ए. मधुरम हे दांपत्य याचे ठळक उदाहरण होय. त्यांचे विनोदी प्रवेश मुख्य कथानकापासून वेगळे रचून चित्रपटात गुंफले जात. १९४४ साली लक्ष्मीकांतन खून खटल्यात कृष्णन यांना अटक झाली. १९४७ साली त्यांची सुटका होईपर्यंतच्या काळात मधुरम यांनी नाट्यकार्य चालू ठेवले. यावरून त्यांचे स्वतंत्र कर्तृत्व स्पष्ट होते; तरीही इतिहासात त्यांची ओळख प्रामुख्याने जोडीतील एक म्हणूनच राहिली.

रंगभूमीवरील जडणघडण

मनोरमा यांचे मूळ नाव गोपीशांता. त्यांचा जन्म २६ मे १९३७ रोजी मन्नारगुडी येथे झाला. हे गाव तत्कालीन तंजावर जिल्ह्यात, म्हणजे १८५५ पर्यंत भोसले घराण्याची गादी असलेल्या प्रदेशात होते. वडिलांपासून विभक्त झालेल्या आईने मुलीसह कारैक्कुडीजवळील पल्लत्तूर येथे आश्रय घेतला. आर्थिक विपन्नतेमुळे शिक्षण अर्धवट राहिले आणि लहान वयातच त्या नाटकांकडे वळल्या. ‘मनोरमा’ हे नाव त्यांना नाटक मंडळीतच मिळाले. पल्लत्तूर ज्या चेट्टिनाड भागात येते, तेथे स्त्रियांना आदराने ‘आच्ची’ असे संबोधतात. हेच संबोधन पुढे त्यांची लोकमान्य ओळख बनले.

अभिनेते एस. एस. राजेंद्रन यांच्या नाटक मंडळीत त्यांना मोठी संधी लाभली. एम. करुणानिधी यांच्या ‘मणिमगुडम’ या नाटकातील भूमिकेने त्यांच्याकडे लक्ष वेधले गेले. द्रविड चळवळीने रंगभूमी हे विचारप्रसाराचे साधन मानले होते. सी. एन. अण्णादुराई यांच्या शिवाजी महाराजांवरील नाटकात शीर्षक भूमिका केल्यामुळे व्ही. सी. गणेशन यांना ‘शिवाजी’ हे नाव मिळाले, ही घटना मराठी वाचकांस परिचित असेल. संवादप्रधान अशा या रंगभूमीवर शब्दोच्चार, पाठांतर आणि गायन यांची कसोटी लागे. एकाच माणसाच्या बोलीतून त्याची जात, प्रदेश व वर्ग प्रकट करण्याचे जे कौशल्य मनोरमा यांनी पुढे दाखविले, त्याचा पाया येथे घातला गेला.

विनोदाची निवड

कवी कण्णदासन यांची निर्मिती असलेल्या ‘मालैयिट्ट मंगै’ (१९५८) या चित्रपटात त्यांना विनोदी भूमिका देऊ करण्यात आली. अशी भूमिका स्वीकारल्यास नायिकापद कायमचे दुरावेल, ही भीती त्यांच्या मनात होती. नायिकेची कारकीर्द अल्पकाळाची असते, विनोदी अभिनेत्री मात्र दीर्घकाळ टिकते, या आशयाचा सल्ला कण्णदासन यांनी दिल्याचे मनोरमा पुढे सांगत असत. १९६३ साली ‘कोंजुम कुमरी’मध्ये त्या नायिका झाल्या, परंतु तो मार्ग पुढे विस्तारला नाही. विवाह अल्पकाळच टिकल्याने एकुलत्या मुलाची जबाबदारीही त्यांच्यावर होती. सातत्याने काम मिळणे ही त्यांची निकड होती, हे लक्षात घेतल्यास विनोदाच्या स्वीकारामागील व्यावहारिक बाजू स्पष्ट होते.

भूमिकांचा विस्तार

१९६० च्या दशकात नागेश, चो रामस्वामी आदी विनोदी नटांसमवेत त्यांची जोडी लोकप्रिय झाली. मधुरम यांच्याशी तुलना करता येथे एक महत्त्वाचा फरक दिसतो. मनोरमा कोणा एका नटाशी बांधल्या गेल्या नाहीत. ‘तिल्लाना मोहनांबाळ’ (१९६८) या ए. पी. नागराजन दिग्दर्शित चित्रपटातील जिल जिल रमामणी ही फिरत्या नाटक कंपनीतील नटी आहे. नटीचा भडकपणा आणि तिच्या मनाचा मोठेपणा यांचा मेळ मनोरमा यांनी असा साधला की, शिवाजी गणेशन व पद्मिनी यांच्या बरोबरीने ही व्यक्तिरेखा प्रेक्षकांच्या स्मरणात राहिली. ‘बोम्मलाट्टम’ (१९६८) मध्ये त्यांनी चेन्नईच्या श्रमिक वस्तीतील बोलीत गायिलेले गीत त्यांच्या भाषिक सामर्थ्याचे द्योतक ठरले.

समवयस्क नायिका पडद्याआड होत असताना त्यांचे कार्यक्षेत्र मात्र रुंदावत गेले. ‘संसारम अदु मिन्सारम’ (१९८६) मधील मोलकरीण कुटुंबकलहात आपल्या तल्लख बोलण्याने हस्तक्षेप करते. ‘नडिगन’ (१९९०) मध्ये वेषांतर केलेल्या तरुणावर भाळणारी प्रौढ अविवाहिता त्यांनी साकारली. ‘चिन्न गौंडर’ (१९९२) मध्ये पुढे आलेल्या दातांची ग्रामीण माता उभी करताना स्वतःच्या रूपाचा मोह त्यांनी पूर्णतः सोडला. नायिकेवर असलेले वय, सौंदर्य व शालीनता यांचे बंधन विनोदी अभिनेत्रीवर नव्हते, हे या भूमिकांतून दिसून येते.

समारोप

‘पुदिय पादै’ (१९८९) साठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २००२ साली पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला. १० ऑक्टोबर २०१५ रोजी चेन्नई येथे त्यांचे निधन झाले. हे सन्मान लक्षणीय असले, तरी त्यांच्यावरील लेखनात भूमिकांची संख्या आणि सहकलाकारांपैकी मुख्यमंत्री झालेल्यांची यादी यांवरच भर राहिला. संख्या कीर्ती देते, कलेचे विश्लेषण करीत नाही. मनोरमा यांनी पडद्यावर आणलेल्या मोलकरणी, नट्या, विधवा आणि ग्रामीण माता हा तमिळ समाजातील दुर्लक्षित स्त्रियांचा एक मोठा संग्रहच आहे. नायककेंद्री इतिहासात न मावणारा हा संग्रह सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून अभ्यासला गेला पाहिजे. मराठी रंगभूमी व चित्रपटातील विनोदी अभिनेत्रींच्या अभ्यासासही ही दृष्टी उपयुक्त ठरेल.