डेट्रॉईटचे मळे

डेट्रॉईट म्हटले की मोटारींचे कारखाने आठवतात. पण अमेरिकेतल्या या शहराला भाजीपाल्याचाही इतिहास आहे, आणि तो आपल्या वस्त्यांनी वाचावा असा आहे.

१८९३ च्या मंदीत हजारो कामगार बेकार झाले. महापौर हेझन पिंग्री यांनी १८९४ साली पडीक जागांच्या मालकांना गळ घातली की, जागा गरिबांना कसायला द्या. प्रतिष्ठितांनी टिंगल केली. पैसा जमेना, तेव्हा पिंग्रींनी स्वतःचा घोडा लिलावात विकला! त्याच हंगामात शेकडो कुटुंबांच्या घरी बटाटे आले.

पुढे दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांतून, अर्धेलीच्या कर्जातून सुटून लाखो कृष्णवर्णीय उत्तरेच्या शहरांत आले. आपली माणसं खेडं सोडून गिरणीत, गोदीत आली, तसंच हे. मग कारखाने हलले, गोरे उपनगरांत गेले, त्यांच्यामागे मोठी दुकानेही गेली. १९५० साली साडेअठरा लाखांचे शहर २०१० मध्ये सुमारे सात लाखांवर आले. घरे पडली, भूखंड ओसाड झाले. ताजी भाजी मिळणे मुश्कील. पेट्रोल पंपावरची पाकिटे मात्र हवी तितकी.

अशा जागांवर दक्षिणेतून आलेल्या म्हाताऱ्यांनी वाफे केले, पोरांना शिकवलं, शेजाऱ्यांना वाटलं. पडक्या घरांच्या मातीत जुन्या रंगातले शिसे असते, म्हणून कुठे कुठे लाकडी चौकटीत बाहेरची माती भरावी लागते. २००६ साली डेट्रॉईट ब्लॅक कम्युनिटी फूड सिक्युरिटी नेटवर्क ही संस्था निघाली. तिचा डी-टाऊन मळा ७ एकरांचा.

पण काम सोपे नव्हते. शेतकाम म्हणजे गुलामी, तिकडे परत कशाला जायचं, असं वाटणारे कृष्णवर्णीय पुष्कळ. हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको! वेठ आणि वतन ज्यांच्या घरात होतं, त्यांना खुरपं पाहून आजोबाच आठवतात. फरक एवढाच की, इथे पीक कसणाऱ्याच्या वस्तीत राहते. जागा मात्र पालिकेच्या उद्यानातली, करारावर घेतलेली. ही टांगती तलवार आहेच.

ब्लॅक पँथर म्हटले की आपल्याला १९७२ ची दलित पँथर आठवते. त्याच ब्लॅक पँथरने १९६९ साली ऑकलंडला शाळकरी मुलांना फुकट नाश्ता द्यायला सुरुवात केली होती, हे आपल्याकडे फारसे बोलले गेले नाही.

डेट्रॉईटच्या त्याच संस्थेच्या पुढाकाराने मे २०२४ मध्ये सभासदांच्या मालकीचे सहकारी किराणा दुकान उघडले. त्यासाठी त्यांनी कित्येक वर्षे वर्गणीदार जमवले.