जॉप्लिन, ५ वाजून ४१ मिनिटं

रविवार, २२ मे २०११. अमेरिकेच्या मिसूरी राज्यातलं जॉप्लिन. वस्ती सुमारे ५०,०००.

दुपारी १:३०. टोर्नेडोला पोषक हवामान असल्याची सूचना निघाली, मुदत रात्री ९ पर्यंत. जमिनीलगत मेक्सिकोच्या आखाताकडून आलेली गरम, दमट हवा. वर थंड हवा. एवढ्यावर ढग उंच चढतो. त्याला स्वतःभोवती फिरवतो तो वारा, उंचीगणिक वेग आणि दिशा बदलणारा. त्या दिवशी तोही होता. मे महिन्यात या पट्ट्याला अशा सूचनांची सवय असते.

५:०९. टोर्नेडोचा इशारा. हद्दीत शहराचा फक्त ईशान्य भाग.

५:११. भोंगे ३ मिनिटं वाजले आणि थांबले. इथे भोंगे टोर्नेडोसाठी वाजत, तसेच ताशी १२० किलोमीटरवरच्या वादळी वाऱ्यासाठीही. हा कशाचा, ते आवाजावरून कळायला मार्ग नव्हता. पहिला भोंगा ऐकून लगेच आसरा घेतला नाही, असं वाचलेल्यांपैकी बहुतेकांनी पुढे चौकशीत सांगितलं. कुणी टीव्ही लावला, कुणी बाहेर येऊन आभाळ पाहिलं. याला बेफिकिरी म्हणणं अन्यायाचं होईल. ते खात्री करून घेत होते.

५:१७. नवा इशारा. आता दक्षिण जॉप्लिनही हद्दीत. भोंगे गप्पच.

सेंट जॉन्स रुग्णालयात १८३ रुग्ण होते. त्यांना खिडक्यांपासून दूर, कॉरिडॉरमध्ये आणण्याची धावपळ झाली.

५:३४. शहराच्या नैऋत्येला टोर्नेडो जमिनीला टेकला. इशाऱ्याला १७ मिनिटं झाली होती. भोवती दाट पाऊस, त्यामुळे सोंड दिसेना. आभाळ बघून ठरवू म्हणणाऱ्यांना काळाकुट्ट पाऊस तेवढा दिसला.

५:३८. भोंगे पुन्हा वाजले. आता लोक धावले. न्हाणीघरात, कपाटात, जिन्याखाली. बहुतेक घरांना तळघर नव्हतं.

५:४१. टोर्नेडो रुग्णालयावर. वारा ताशी ३२० किलोमीटरच्या वर. काचा फुटल्या, वीज गेली, आपत्कालीन जनरेटरही गेला. श्वसनयंत्रं बंद पडली. रुग्णांची कागदपत्रं पुढे शंभराहून अधिक किलोमीटरवर सापडली.

६:१२. टोर्नेडो विरला. वाट सुमारे ३५ किलोमीटर, रुंदी कमाल दीड किलोमीटरच्या आसपास. थेट टोर्नेडोने मेले १५८. एकाच टोर्नेडोत इतकी माणसं १९४७ नंतर गेली नव्हती.

२०१२ मध्ये कॅन्सस आणि मिसूरीतल्या काही हवामान केंद्रांनी इशाऱ्याचा मसुदा बदलला. वादळ कुठे आहे, याच्याबरोबर ते घराचं आणि माणसाचं काय करील, हेही त्यात लिहिलं जाऊ लागलं.