तीन पुरुष पाण्याखालची बाग

विहिरीची खोली आपल्याकडे पूर्वी पुरुषांत मोजत. उभ्या माणसाची उंची म्हणजे एक पुरुष. याच मापाने महाबळेश्वरचा पाऊस मोजायचा ठरवला, तर काय होईल? तेथे वर्षाला सरासरी साडेपाच मीटरांहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे तीन पुरुष पाणी! आणि तेही बहुतेक सारे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. असे पाणी जेथे कोसळते, तेथे माणसाने बाग करावी तरी कशी? या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे त्या डोंगरावर वेगवेगळ्या लोकांनी दिली. काही टिकली, एक फसले. त्यांचीच ही हकीकत.

सर्वांत जुने उत्तर डोंगरच्या कुणब्याचे. पावसाशी भांडायचे नाही, पावसाला मानवेल तेच पेरायचे. राब भाजून नाचणी-वरीची रोपे करायची, मग ती उतारावर लावायची. उतारावर पाणी थांबत नाही, आणि ही पिकेही फारसे लाड मागत नाहीत. हे उत्तर पोटापुरते होते. पण बाग काही ती नव्हे.

१८२९ साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याकडून इंग्रजांनी ही जागा मिळवली आणि मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नावाने माल्कम पेठ वसवली. साहेब लोक हवा खायला येऊ लागले. त्यांना बटाटा हवा, विलायती भाजी हवी. ती पिकवायची कोणी?

येथे इतिहासाने मोठी गंमत केली आहे, पाहा. त्या काळी आपल्याकडचे कैदी काळ्या पाण्यावर सिंगापूरकडे धाडले जात, आणि तिकडचे चिनी व मलायी कैदी इकडे आणले जात. त्यांच्यासाठी १८३४ च्या सुमारास महाबळेश्वरात तुरुंग बांधला गेला. या कैद्यांनी रस्ते केले, वेताच्या व बांबूच्या वस्तू विणल्या आणि बटाट्याचे व भाज्यांचे वाफे फुलवले. भाजीला गिऱ्हाईक असे ते हवापालटाच्या हंगामात. पाऊस लागला की बंगले ओस पडत. म्हणजे बाजार होता तोच मुळी उघडिपीच्या दिवसांतला. १८६४ साली तो तुरुंग बंद झाला. पण बटाट्याची आणि भाजीची वहिवाट डोंगरावर राहिली. ज्यांना बेड्या घालून येथे आणले, त्यांनी या गावाला बागाईत दिली. आणि त्यांतल्या एकाचेही नाव आज आपल्या तोंडी नाही.

आता सरकारी उत्तर ऐका. हिवतापावर क्विनाईन हवे, आणि ते निघते सिंकोनाच्या सालीपासून. १८६० नंतर हे झाड दक्षिण अमेरिकेतून हिंदुस्थानात आले आणि निलगिरीवर उत्तम रुजले. मग आमच्याकडेही डोंगर आहे, थंडी आहे, पाऊस तर हवा तेवढा आहे, असा हिशेब करून वेण्णेच्या खोऱ्यात लिंगमळ्याला सिंकोना लावला गेला. सुमारे दहा वर्षे खटपट झाली. झाडे सावकाश वाढली, वाढलेली पुष्कळशी मेली, आणि १८७५ च्या सुमारास तो नाद सोडावा लागला.

असे का व्हावे? सिंकोनाला पाऊस हवा असतो, पण तो वर्षभर विभागून. येथे चार महिने प्रलय आणि उरलेले बरेच महिने कोरडे. जमीन जांभ्याची, माती पातळ. पावसाने कस वाहून जातो आणि पुढे ओल टिकत नाही. भाजीचा वाफा पावसाच्या वाटेतून बाजूला होऊ शकतो. झाडाला हलता येत नाही. हिशेब करणाऱ्यांनी पाऊस किती पडतो ते पाहिले, केव्हा पडतो ते पाहिले नाही.

आज या भागाचे नाव झाले आहे ते स्ट्रॉबेरीने. २०१० साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण तिचे गुपित तेच जुने आहे. मातृरोपे पावसाळ्याच्या तोंडाशी येतात. त्यांच्यापासून नवी रोपे करण्याचे काम बरेचसे खाली, कमी पावसाच्या वाईच्या बाजूला चालते. पाऊस ओसरला, की सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यांवर लागवड होते आणि थंडीत फळ येते. पाऊस पडून जाऊ द्यायचा आणि मग बाग मांडायची, ही ती युक्ती.

पण ही सारी शहाणीव पंचांगावर उभी आहे, आणि आता पंचांगच डळमळू लागले आहे. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. हे झाले पावसाळ्यातले. त्याहून घातक तो अवेळी येणारा. नोव्हेंबर-डिसेंबरात दोन दिवस झड लागली, की पिकत आलेले फळ सडते, बुरशी धरते, आणि वर्षाची मेहनत वाफ्यातच राहते. जेथून पाऊस निघून गेला असे मानून बाग मांडली, तेथेच तो परत येतो.

तेव्हा आपल्या दारी चार वाफे असोत की चार एकर, लिंगमळ्याचा धडा विसरू नका. सरासरी ऐकून लागवड करू नका. आपल्या रानात पाऊस कोणत्या तारखेला आला, किती पडला आणि पाणी कोणत्या कोपऱ्यात तुंबले, हे दरसाल वहीत टिपून ठेवा. जून लागण्याआधी चर मोकळे करा. सारे रान एकाच दिवशी लावू नका, म्हणजे एका अवकाळी सरीत सर्वस्व जाणार नाही. जुन्या पंचांगावर भरवसा उरला नसेल, तर नवे आपल्यालाच लिहायला हवे. आणि ते लिहिले जाईल आपापल्या बांधावर.