‘ह्याला माझ्या ताब्यात द्या’

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या मोहल्ल्यात एक हवालदारचाचा होते. १९६५च्या लढाईतून परतलेले. एरवी शांत, पाच वक्त नमाज पढणारे. पण मोठा आवाज झाला की भिंतीला पाठ लावून खाली बसत. आम्हा पोरांना तेवढी करमणूक पुरे होती. एका दिवाळीत त्यांच्या मागे सुतळी बॉम्ब लावला गेला. लावणाऱ्यांत मीही होतो. चाचांनी हातातली काठी फिरवली आणि ती एका दुकानदाराच्या मुलाला लागली. त्याचे डोके फुटले. पोलीस चाचांना घेऊन गेले. रात्रभर ते चौकीत होते, पण तोंडातून शब्द काढला नाही. सकाळी गावातले म्हातारे सुभेदार, ब्रह्मदेशात लढलेले, कोटावर पदके लावून चौकीत गेले. म्हणाले, ‘साहेब, हा लढाईवरनं आलाय. ह्याला माझ्या ताब्यात द्या.’ मुलाच्या टाक्यांचे पैसे त्यांनीच दिले, दुकानदाराची समजूतही त्यांनीच काढली. चाचा घरी आले.

पुढे पहिल्या महायुद्धाचा इतिहास वाचताना हे सारे पुन्हा आठवले. हॅरी फार हा वेस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा इंग्रज शिपाई. तोफांच्या माऱ्यात खचून १९१५मध्ये तो पाच महिने रुग्णालयात होता. त्या आजाराला तेव्हा ‘शेल शॉक’ म्हणत. हात इतका थरथरे की बायकोला पाठवायची पत्रे नर्स लिहून देई. तरीही त्याला पुन्हा आघाडीवर धाडले. सप्टेंबर १९१६मध्ये, सोमची लढाई चालू असताना, त्याने पुढे जायला नकार दिला. २ ऑक्टोबरला त्याच्यावर लष्करी खटला चालला. त्याच्या बाजूने बोलायला बचाव अधिकारी नव्हता. त्याची प्रकृती जाणणारा डॉक्टर स्वतःच जखमी झाल्याने साक्षीला आला नाही. भित्रेपणाचा ठपका ठेवून १६ ऑक्टोबरच्या पहाटे त्याला गोळ्या घातल्या. वय २५. विधवेचे पेन्शन बंद झाले, लहान मुलीसह तिला घर सोडावे लागले. त्या मुलीला बापाची हकीकत कळली तीच वयाच्या चाळिशीत.

नव्वदी ओलांडलेल्या त्या मुलीने २००६ साली बापाची माफी पाहिली. ब्रिटिश संसदेच्या कायद्याने अशा ३०६ सैनिकांना माफी दिली. १९११च्या भारतीय लष्करी कायद्याखाली अशाच गुन्ह्यांसाठी मारले गेलेले शिपाईही त्या कायद्याच्या कक्षेत आहेत. मात्र मूळ दोषसिद्धी आणि शिक्षा यांना धक्का लागणार नाही, असे त्याच कायद्यात म्हटले आहे. कागदावर शिक्षा अजून तशीच आहे.

दरम्यान विज्ञान पुढे गेले होते. व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० साली, अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी या दुखण्याला आघातोत्तर तणावविकार म्हणून मान्यता दिली. न्यायालयात ते पोहोचायला मात्र वेळ लागला. जॉर्ज पोर्टर हा कोरियाच्या युद्धात दोनदा जखमी झालेला सैनिक. १९८६मध्ये फ्लोरिडात त्याने दोन खून केले आणि त्याला मृत्युदंड झाला. तो कोणत्या लढाया लढून आला, हे त्याच्या वकिलाने न्यायालयाला सांगितलेच नव्हते. २००९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही गंभीर चूक ठरवली. पोर्टर निर्दोष ठरला नाही. पण शिक्षा ठरवण्याआधी त्याची हकीकत ऐकायला हवी होती, एवढे मान्य झाले.

न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात न्यायाधीश रॉबर्ट रसेल यांनी ही हकीकत आधीच ऐकायची व्यवस्था केली. त्यांच्यासमोर व्हिएतनामहून आलेला एक माजी सैनिक मान खाली घालून उभा राही, काही बोलत नसे. रसेल यांनी न्यायालयात काम करणाऱ्या दोघा माजी सैनिकांना त्याच्याशी बाहेर जाऊन बोलायला सांगितले. थोड्या वेळाने तो परतला तो ताठ उभा राहून, न्यायाधीशांच्या नजरेला नजर देत. त्यातून जानेवारी २००८मध्ये माजी सैनिकांसाठी वेगळे न्यायालय सुरू झाले. तिथे आरोपीला एक सोबती मिळतो, तोही माजी सैनिकच. उपचार घ्यावे लागतात, ठरल्या तारखांना हजर राहावे लागते, नशेची तपासणी होते. सारे पार पाडले तर आरोप मागे घेतले जातात किंवा सौम्य होतात. आज अमेरिकेत अशी शेकडो न्यायालये आहेत.

कुणी विचारील, मग ज्याचे डोके फुटले त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. गणवेश घातला म्हणून गुन्हा माफ होत नाही, आणि होऊही नये. अशी अनेक न्यायालये गंभीर हिंसेचे खटले घेतही नाहीत. पण ज्याचे दुखणे बरे झाले, त्याचा हात दुसऱ्यांदा उठण्याची भीती कमी होते. यात डोके फुटणाऱ्याचेही हित आहे.

आपल्याकडे २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रत्येक राज्यातल्या किमान एका तुरुंगात मनाच्या उपचारांची सोय करायला सांगितली आहे. ते हवेच. पण तुरुंग फार पुढचा मुक्काम झाला. ‘तू कुठून आलास?’ हे चौकीतच विचारले जायला हवे, आणि उत्तर देण्याचे बळ नसेल तर शेजारी कुणीतरी उभे असायला हवे. हॅरी फारला असा कुणी मिळाला नाही. आमच्या चाचांना मिळाला.

चाचा आणि सुभेदार, दोघेही आता हयात नाहीत. त्या सकाळी चौकीत बॉम्ब कुणी लावला, हे कुणीच विचारले नाही. मीही कधी सांगितले नाही. आज सांगतो आहे.