रोबोटिक आतडे-शस्त्रक्रिया प्रशिक्षण
रोबोटिक यंत्रणेद्वारे मोठे आतडे व गुदाशय (पहा : पचनसंस्था) यांवर शस्त्रक्रिया करण्यासाठी शल्यविशारदांना दिले जाणारे टप्प्याटप्प्याचे शिक्षण. अमेरिकेत २००० मध्ये ‘दा विंची’ या रोबोटिक यंत्रणेला मान्यता मिळाल्यानंतर या प्रशिक्षणाची गरज निर्माण झाली. प्रथम सिम्युलेटरवर सराव, मग रुग्णाशेजारी राहून यंत्रभुजा जोडणे, अखेरीस देखरेखीखाली शस्त्रक्रियेचे सुटे टप्पे करणे, असा क्रम असतो. दुहेरी कन्सोल (यंत्रभुजा चालवण्याचे नियंत्रण-आसन) असल्यास प्रशिक्षकाला नियंत्रण तत्काळ परत घेता येते. ऊतींवरील ताण हाताला फारसा जाणवत नसल्याने तो डोळ्यांनी ओळखण्यावर भर देतात. अरुंद श्रोणीत गुदाशय मोकळा करणे विशेष अवघड. ४७१ रुग्णांच्या ‘रोलार’ चाचणीत (२०१७) रोबोटिक पद्धतीत दुर्बिणीच्या पद्धतीपेक्षा (पहा : दुर्बीण शस्त्रक्रिया) उदर उघडावे लागण्याचे प्रमाण लक्षणीय घटले नाही, शल्यविशारदांचा कमी रोबोटिक अनुभव हे त्याचे एक संभाव्य कारण मानले गेले.